दहांपैकी एकच परत आला

लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो. आभार मानायला परत येतो एकटाच, आणि तोही यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. म्हणजे कृतज्ञतेची अपेक्षा त्यालाही होती. त्या नऊ जणांचं आरोग्य मात्र तो काढून घेत नाही. आभार हवेसे वाटले तरी त्यांवर चांगुलपणा अवलंबून नसावा, एवढाच इथला ख्रिस्ती आग्रह आहे.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंची यात कसोटी लागली. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातं, असा आरोप ‘केसरी’ वृत्तपत्राने केला, १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. यावर कुणी म्हणेल, हा कृतघ्नपणा कसला? ही तर रास्त शंका होती. खरं आहे. धार्मिक तटस्थतेच्या शब्दावर ज्यांनी मुली सोपवल्या, त्यांना जाब विचारण्याचा अधिकार होताच, आणि चिकाटीच्या नावाखाली टीकेला कान बंद करणं हा निव्वळ हट्ट ठरतो. पण टीका पद्धतीवर होती. विधवांची गरज त्या टीकेने खोटी ठरत नव्हती. म्हणूनच १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, सुमारे ३०० मुली-स्त्रियांना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: माणसांकडून नाही तर स्वर्गातून मोबदला हवा, मग निःस्वार्थपणा कुठे उरला? डोंगरावरच्या प्रवचनात गुप्त दानाचं फळ देणाऱ्या पित्याचा उल्लेख आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. तरी हिशेब देवाकडे गेला की मदत घेणाऱ्याच्या डोक्यावरचं ऋण उतरतं. दुष्काळातून वाचलेल्या मुलीने कृतज्ञता द्यायलाच हवी असं राहत नाही. आणि हाच निकष नीट लावला, तर ती आपला धर्मही देणं लागत नाही. रमाबाईंच्या टीकाकारांना हे माप वापरता आलं असतं.

कौतुक आपल्या माणसांकडूनही मिळेलच असं नाही. साध्या बायकांना कळावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेल्यावरही काम सोडलं नाही, ते संपवूनच १९२२ मध्ये त्या वारल्या. तरीही मराठी चर्चमध्ये प्रचलित राहिलं ते बायबल सोसायटीचं भाषांतर.