गारठ्यातील संगणक

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणून ओळखले जातात. रात्री पारा शून्याखाली उतरतो, आणि शेगडी नसलेल्या खोलीतील संगणकाचीही चिंता वाटू लागते. परंतु त्याचा खरा वैरी कोण, हे आधी ओळखले पाहिजे.

संगणक चालताना स्वतःच उष्णता निर्माण करतो. ती बाहेर टाकण्याचे काम गार हवेने सोपेच होते. उत्पादकांनी घालून दिलेली तापमानाची खालची मर्यादा साधारणतः शून्य ते दहा अंश सेल्सिअस असते. तेथवर गारठ्याचे भय नाही. गारठ्यापायी संगणकावर रजई पांघरणे मात्र चूक. त्याने हवेच्या वाटा बुजतात.

खरा अपाय करते ते दव. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात. हवेतील बाष्पाचेच थंड काचेवर पाणी होते. २० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावते. शून्य अंशाची हवा पाच ग्रॅमही नाही. २० अंशांच्या हवेत सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असली, तर सुमारे नऊ अंशांहून थंड वस्तूवर दव साचते. गारठलेला संगणक उबदार खोलीत आणला, की नेमके हेच घडते. धुराडे नसलेली रॉकेलची शेगडी तर दुहेरी घातक. लिटरभर रॉकेल जळताना जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. शिवाय कोंदट खोलीत कार्बन मोनॉक्साइड माणसाच्याच जिवावर उठतो.

म्हणून थंडीतून आणलेला संगणक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद ठेवावा. दव पिशवीवर जमेल, यंत्रावर नव्हे. काही तासांनी तो खोलीइतका उबदार झाल्यावरच सुरू करावा. खोली तापवायची असल्यास तीही हळूहळू तापवावी.

दुसरे पथ्य लिथियम-आयन बॅटरीचे. शून्याखाली ती चार्ज केल्यास लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता पृष्ठभागावर धातुरूपाने साचते. त्यामुळे बॅटरीची शक्ती कायमची घटते, आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन आगीचाही धोका संभवतो.

सारांश, यंत्राला बेताची थंडी सोसते. थंडीतून उबेत झालेली घाई सोसत नाही.