दूधगाडीचा घोडा इतका का टिकला?

मोटार आली आणि घोडागाडी गेली, असं आपण सरसकट म्हणतो. अमेरिकेतल्या शहरांत मात्र बाकीचा माल ट्रकवर चढल्यावरही घरोघर दूध पोचवणाऱ्या गाड्यांना घोडे जुंपलेलेच होते; काही ठिकाणी तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत. याला जुनाट हट्ट म्हणणं सोपं आहे. माझ्या मते तो चोख हिशेब होता. दूधगाडीने चार पावलं जायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं. पेट्रोल इंजिनाला नेमकं हेच जड जातं. थांबलेलं चाक हलवायला मध्ये क्लच आणि गिअर लागतात, शिवाय गाडी उभी असतानाही इंधन जळतं. ६०० किलोचा घोडा मात्र आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी ओढ तासन्‌तास देतो आणि गाडी जागची हलवताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट.

खरी बचत होती ती माणसाच्या पायांची. दूधवाला तारेच्या परडीत बाटल्या घेऊन दोन-तीन दारं करी, तोवर घोडा आपणहून गाडी पुढच्या थांब्यावर आणून उभी करी. इतर मालाचे गाडीवान घोड्याला लोखंडी वजन बांधून ते रस्त्यावर टाकत, तो हलू नये म्हणून. दूधवाल्याला तो हलायलाच हवा होता. यावर शंका रास्त आहे: घोड्याला रस्ता कळतो की धन्याचे इशारे? बर्लिनचा ‘हुशार हान्स’ हा घोडा गणितं सोडवतो असा बोलबाला होता. तो प्रश्नकर्त्याच्या मानेची बारीक हालचाल टिपतो, हे १९०७मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं. पण इथे माणूस घरामागे, नजरेआड. शिवाय दूध बंद केलेल्या गिऱ्हाइकाच्या दारीही घोडा थांबे, असं दूधवाले सांगत. असा चुकीचा थांबा इशाऱ्याने नव्हे, सवयीच्या स्मरणानेच पडतो.

लीद, तबेला, सुट्टीच्या दिवशीही लागणारी चंदी हा खर्च खराच. १८७२च्या घोड्यांच्या साथीत तर उत्तर अमेरिकेतली वाहतूक लुळी पडली होती. तरी घोड्याची जागा घ्यायला नुसता ताकदवान ट्रक पुरला नाही. डेट्रॉइटच्या ‘डिव्हको’ कंपनीला उभ्याउभ्या चालवता येईल असा खास ट्रक घडवावा लागला. ब्रिटनमध्ये ही जागा मुख्यतः विजेच्या दूधगाड्यांनी घेतली. त्यांचा वेग ताशी जेमतेम २५ किलोमीटर, पण थांबल्या जागेवरून पूर्ण ओढ देणं त्यांच्या मोटारीला जमत होतं.