तळ्याचे पाणी, डोंगराची हवा

समुद्र तेवढा धोक्याचा आणि तळे म्हणजे आपले घरचे, अशी बहुतेकांची समजूत असते. माझ्या थोरल्या बहिणीची तर आहेच. तिचा मुलगा झुरिकला नोकरीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून पाण्यात बुड्या मारतो. समुद्रात गेला की ताईचा जीव टांगणीला लागतो. आल्प्समधल्या तळ्यात गेला की ती निर्धास्त. ‘‘मावशी, आईला सांगू नकोस,’’ तो मला म्हणाला, ‘‘पण डोंगरावरच्या तळ्याचा हिशोब समुद्राहून अवघड!’’ (ताई दिवाळी अंकातल्या राशिभविष्यापलीकडे वाचत नाही, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.) मी जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, तेव्हा हिशोब मांडून पाहिल्यावाचून राहवले नाही.

गोटीसोड्याची बाटली फोडली की काय होते? दाबाखाली मुकाट विरघळून राहिलेला वायू बुडबुडे होऊन उसळतो. पाण्याखाली दाबातली हवा घेताना आपल्या रक्तात आणि स्नायूंत नत्रवायू असाच विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, आणि बुडबुड्याने मज्जारज्जू गाठला तर पाय कायमचे लुळे पडू शकतात.

ब्रिटिश नौदलासाठी जे. एस. हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली याचे नियम प्रसिद्ध केले. (त्यांचेच चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन १९५७ साली भारतात आले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) हाल्डेनना आढळले, की दाब निम्म्यावर आला तरी शरीर सोसते. म्हणजे महत्त्व दाब किती कमी झाला याला नाही, किती पटीने झाला याला!

आता पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरील टिटिकाका सरोवरावर चला. १९६८ साली जाक-ईव्ह कूस्तो आपले पाणबुडे घेऊन तेथे इंका लोकांचे सोने शोधायला गेले होते. हे सरोवर ३,८१२ मीटर उंचीवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६३ टक्केच. समुद्रात २० मीटर खोल गेले की पृष्ठभागाच्या तिप्पट दाब होतो. टिटिकाकात तेवढ्याच खोलीवर चौपटीहून थोडा अधिक! समुद्रात एवढी पट गाठायला ३१ मीटर खोल जावे लागेल. अमेरिकन नौदलाच्या जुन्या कोष्टकात ७० फुटांवर ५० मिनिटे राहून थेट वर येता येई. ११० फुटांवर अवघी २० मिनिटे. वीस मीटरवाला पहिली ओळ वाचतो, आणि त्याच्या शरीराला लागू पडते दुसरी.

गोडे पाणी या हिशोबात थोडी सूट देते. ते खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून तेवढ्याच खोलीवर त्याचा दाब दोन-तीन टक्क्यांनी कमी. पण उंचीच्या कर्जापुढे ही सूट म्हणजे चिल्लरच. उलट ती फसवते मात्र. समुद्रकाठी शून्यावर लावलेले खोलीमापक टिटिकाकात नेले, तर विरळ हवा आणि हलके पाणी मिळून ते २० मीटरांना जेमतेम १६ दाखवील! खरी खोली २०, काटा म्हणतो १६ आणि शरीर सोसते ३१ मीटरांचे. मला तर हा आकडा पाहून घाम फुटला.

तळी खूप आणि समुद्र मुळीच नाही, अशा स्वित्झर्लंडमध्येच यावर तोडगा निघावा हे साहजिक होते. झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांना किती नत्रवायू सोसतो याचे गणित बाहेरच्या हवेच्या दाबाशी जोडले. १९८६ सालच्या कोष्टकांत ७०० मीटरपर्यंत एक तक्ता आणि ७०१ ते २,५०० मीटरपर्यंत दुसरा, अशी चक्क विभागणी आहे. हल्ली मनगटावरचा छोटा संगणक हवेचा दाब स्वतःच मोजतो. तो पाणी गोडे की खारे हे मात्र बहुधा आपणच सांगायचे.

आपल्याकडे याची उलटी बाजू ध्यानात घ्यावी लागते. बुडी समुद्रसपाटीला, डोंगर नंतर. सकाळी मालवणला दोन-तीन खोल बुड्या मारून दुपारी मोटारीने आंबोली घाट चढायचा बेत पुष्कळजण आखतात. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर. अंगातला नत्रवायू अजून बाहेर पडायचा असतो. एका साध्या बुडीनंतर विमानप्रवासाआधी किंवा अशा उंचीवर जाण्याआधी निदान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असा आजचा सल्ला आहे. रात्रीचा मुक्काम मालवणातच करावा. बांगडेही ताजे मिळतात.