संध्याकाळची झोप सुटते तेव्हा

आमची छकुली सात महिन्यांची झाली आणि तिने पाचची झोप सोडली. पाळण्यात घातलं की टक्क जागी, पायाचा अंगठा तोंडात! सासूबाई म्हणाल्या, "नसेल झोपायचं तर घे बाहेर, रात्री लवकर झोपेल." अगदी बरोबर होतं त्यांचं. साधारण ६ ते ९ महिन्यांत बरीच बाळं दिवसाच्या तीन झोपांवरून दोनवर येतात. ४ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, त्यामुळे एक झोप गेली की रात्रीची वेळ थोडी अलीकडे आणायची.

खाण्याचंही गणित बदलतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. त्यानंतर ८ महिन्यांपर्यंत दिवसातून दोन-तीनदा वरचं अन्न, दूध चालूच. नाचणीसत्त्व आम्ही सकाळच्या झोपेनंतर भरवतो, कारण पेंगुळलेलं बाळ वाटीकडे बघतही नाही. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकं घट्ट ठेवा; पातळ पेजेने पोट भरतं, पोषण कमी मिळतं. आणि वर्षाच्या आत मध अजिबात नको, चाटवायलाही!

घड्याळ बघाच, पण आधी बाळ बघा. छकुली कान ओढायला लागली की मी लगेच दिवा मंद करते.