पराभव पचविण्याचा संस्कार

निवडणुकीचे वर्णन करणारी मराठी वृत्तपत्रांची भाषा बव्हंशी कुस्तीच्या आखाड्यातून आली आहे. उमेदवार शड्डू ठोकतात, डाव टाकतात आणि निकालाच्या दिवशी चितपट होतात. वर्धा मतदारसंघात तर ही उपमा शब्दशः खरी ठरली. देवळीचे मल्ल रामदास तडस २०१४ आणि २०१९ मध्ये येथून लोकसभेवर निवडून गेले. २०२४ मध्ये अमर काळे यांनी त्यांचा पराभव केला.

मात्र राजकारणाने आखाड्याची भाषा उचलली, तितक्या आस्थेने त्याची शिस्त उचलली काय? मातीला पाठ टेकली की कुस्ती संपते. हरलेला मल्ल माती झटकून उठतो, जिंकणाऱ्याच्या हाती हात देतो आणि पुन्हा तालमीची वाट धरतो. पंचांचा निर्णय पटला नाही, म्हणून आखाडा उखडण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

अमेरिकेत हीच शिस्त ढळली. २००० मध्ये अल गोर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाशी मतभेद नोंदवूनही पराभव मान्य केला. २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तो नाकारला आणि ६ जानेवारी २०२१ रोजी त्यांच्या समर्थकांचा जमाव संसदभवनात घुसला. परंपरेचे कैवारी म्हणविणाऱ्यांकडूनच परंपरेवर घाव पडावा, हा दैवदुर्विलास होय. तरीही त्यांच्याच पक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष माईक पेन्स यांनी मतमोजणीची प्रक्रिया पूर्ण केली. चार वर्षांनी कमला हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवावर शिक्कामोर्तब करणाऱ्या त्याच सभेचे अध्यक्षपद भूषविले. खरा परंपरानिष्ठ कोण, हे अशा प्रसंगीच कळते.

वर्धा जिल्ह्याला हा धडा परका नाही. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये सत्ता गमावलेल्या इंदिरा गांधी त्याच वर्षी विनोबांच्या भेटीसाठी पवनारला आल्या होत्या. १९८० मध्ये त्या मतपेटीच्याच मार्गाने परतल्या. देशाला रंगीत दूरदर्शन देणारे वसंत साठे १९८०, १९८४ व १९८९ असे तीनदा येथून विजयी झाले. १९९१ मध्ये याच मतदारांनी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांना निवडून दिले. मोठ्या नावाचे दडपण मतदाराने मानले नाही.

पराभव मानणे म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. निकालाविरुद्ध ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. संशय असेल तर पुरावा मांडावा. पुरावा नसेल तर संशय पेरू नये.

सांस्कृतिक वादांनाही हाच न्याय लागू पडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्यात नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच सुमारास त्याच शहरात चंद्रकांत वानखडे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही संमेलनही झाले. ज्यांना पहिला मांडव मान्य नव्हता, त्यांनी तो मोडला नाही. आपला दुसरा उभारला. मतभेदाची ही रीत जपण्याजोगी आहे.

संस्था कायद्याने उभ्या राहतात. त्या टिकतात मात्र हरणाऱ्याच्या सभ्यतेवर. विजयाचे संस्कार करावे लागत नाहीत, पराभवाचे करावे लागतात. ते शाळेच्या मैदानावर आणि तालमीच्या मातीत झाले नाहीत, तर पुढे मतदानकेंद्रावर ते कोणी शिकवायचे?