बदललेली गाडी, बसलेले इंजिन

कारची वॉरंटी हे निर्मात्याने दिलेले मर्यादित वचन असते. साहित्यात किंवा जोडणीत दोष निघाला, तर ठरलेल्या मुदतीत वा किलोमीटरमध्ये तो भाग कंपनी स्वखर्चाने दुरुस्त करते किंवा बदलून देते. दोष मुळातला असावा, ही त्यातली मुख्य अट. म्हणूनच बाहेरून काही बसवून घेतलेल्या गाडीचे इंजिन बसले, की सगळा वाद एका प्रश्नाशी येतो: बिघाड कारखान्यातून आला की त्या बदलातून?

‘बाहेरचे काम केले म्हणजे वॉरंटी गेली’ हे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर सर्रास ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे आहे. सीट कव्हर, अलॉय व्हील किंवा म्युझिक सिस्टीमचा पिस्टनशी संबंध नसतो. जादा दिव्यांसाठी मूळ वायरिंग कापले, तर विद्युत भागांची वॉरंटी नक्कीच धोक्यात येते. पण ऑइल पंप निकामी झाला, तर त्याचा दोष त्या दिव्यांच्या माथी मारता येत नाही.

इंजिनला थेट हात घालणारे बदल वेगळे. त्यांत सर्वांत जोखमीचा म्हणजे रीमॅप. इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, किती इंधन कधी फवारायचे आणि टर्बोचा दाब किती ठेवायचा हे ठरवतो. उष्ण हवा, हलक्या प्रतीचे इंधन, घाटातला चढ, झिजत गेलेले सुटे भाग या सगळ्यांचा विचार करून कंपनीने त्यात सुरक्षिततेची थोडी जागा सोडलेली असते. रीमॅपमध्ये, म्हणजे ईसीयूचा हा प्रोग्रॅम बदलताना, नेमकी तीच जागा वापरून ताकद वाढवली जाते. टर्बोचा दाब आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते, कनेक्टिंग रॉड, क्लच आणि गिअरबॉक्सवर जादा भार येतो. गाडी दोन वर्षे झकास पळते आणि एखाद्या दुपारी घाटात धूर सोडून थांबते.

उघडलेले इंजिन बरेच काही सांगते. पेट्रोल इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटलेली असेल, तर संशय नॉकिंगवर, म्हणजे इंधनाच्या अवेळी भडक्यावर जातो. पिस्टनच्या माथ्यावर वितळून भोक पडले असेल, तर अतितापावर. पण डिझेलमध्ये असेच भोक गळक्या इंजेक्टरमुळेही पडते, आणि इंजेक्टर कंपनीचाच असतो. बेअरिंगचा वरचा थर घासून खालचा तांबूस रंग दिसू लागला असेल, तर ऑइल कमी पडले होते. वाकलेला कनेक्टिंग रॉड बहुधा पाणी शिरल्याची खूण. हवा थंड मिळावी म्हणून एअर इनटेक बंपरच्या आत खाली बसवलेला असला, तर मुंबईत जुलैमधल्या एखाद्या तुंबलेल्या सबवेत इंजिन सरळ पाणी ओढते. असे नुकसान वॉरंटीत बसतच नाही. त्यासाठी विम्यात इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची गोष्ट संथ असते. या वायूमुळे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या सीटची झीज लवकर होते. कंपनी फिटिंगच्या सीएनजी इंजिनात त्यासाठी अधिक टणक सीट वापरल्या जातात. साध्या पेट्रोल इंजिनात त्या असतीलच असे नाही. किट मान्यताप्राप्त असले आणि आरसी बुकावर इंधनाचा बदल नोंदवलेला असला, तरी त्याने गाडी कायदेशीर होते. वॉरंटी शाबूत राहिली असा त्याचा अर्थ होत नाही.

सर्व्हिसला नेण्यापूर्वी मूळ प्रोग्रॅम परत टाकून घेण्याची युक्ती अनेकांना सुचते. ती फसवणूक तर आहेच, शिवाय बहुधा उघडीही पडते. अनेक ईसीयू आपल्यावर किती वेळा लेखन झाले याची नोंद ठेवतात. फोक्सवॅगन समूहाच्या अमेरिकेतील डीलर यंत्रणेत अशा गाडीवर ‘टीडी १’ ही खूण पडते आणि इंजिनाचे पुढचे क्लेम अडकतात.

कायद्याचा कल कार्यकारणसंबंधाकडे आहे. अमेरिकेत 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, विशिष्ट कंपनीचाच भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट सर्वसाधारणपणे घालता येत नाही. भारतात स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना 2,544 कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असे आयोगाने त्यात बजावले. पुढे अपिलात तीन कंपन्यांचा दंड कमी झाला. हा आदेश दुरुस्तीविषयी आहे. रीमॅप करणाऱ्याला त्याचा आधार घेणे अवघडच. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 तर नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले.

क्लेम नाकारला गेला, तर मालकाच्या हातातला सर्वांत मोठा पुरावा इंजिन हाच असतो आणि नेमका तोच घाईत नष्ट होतो. ‘इंजिन खोलायला सही करा’ असे म्हटल्यावर जॉबकार्डवर मुकाट सही होते आणि आठवड्याभरात तुटलेले भाग भंगारात जातात. नकार लेखी मागावा. कोणत्या बदलामुळे कोणता भाग कसा गेला, हे त्यात लिहून घ्यावे. इंजिन आपल्यासमोर खोलावे, छायाचित्रे काढावीत, भाग आणि ऑइलचा नमुना जपून ठेवावा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि गाडीसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. दोष तपासणीशिवाय कळणारा नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

जुनी गाडी घेणाऱ्याची अडचण याहून बिकट. रीमॅप आधीच्या मालकाने केलेला असतो, उरलेली वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर येते आणि इंजिन बसेपर्यंत त्याला काहीच ठाऊक नसते. व्यवहारापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये ईसीयूचा कॅलिब्रेशन क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून घेणे, एवढाच त्यावर इलाज आहे.