जंगलात नोकरी हवी? आधी पदवी बघा

पर्यटनाची पदवी घेऊन वनाधिकारी होता येईल, हा समज सर्रास आढळतो. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, गणित अशा ठरावीक विषयांची किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकीची पदवी लागते. नुसती पर्यटनाची तिथे चालत नाही. वन्यजीव संशोधनाची ओढ असेल, तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था (स्थापना १९८२) एमएस्सी करवते. सहली आखणे, पाहुण्यांची सरबराई हेच आवडत असेल, तर ग्वाल्हेरच्या भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेत बीबीए, एमबीए करता येते. तिच्या गोव्यातल्या केंद्रात जलक्रीडांचे प्रशिक्षण मिळते (पोहता येत असलेले बरे!). अकरावीला शाखा निवडण्यापूर्वीच हा फरक नीट समजून घ्या.